दाराशीं आलेल्यांची हजेरी

छत्तीस वर्षें आम्हीं हजेरी घेतली. सकाळची प्रार्थना संपली कीं टेबलावर पट उघडावा, निळ्या शाईनें 'ह' व तांबड्या शाईनें 'ग' मांडावा, आणि महिन्याच्या अखेरीस आडव्या-उभ्या बेरजा जुळवून पट मुख्याध्यापकांच्या सहीस पाठवावा, हा क्रम इतका अंगवळणीं पडला होता कीं सेवानिवृत्त झाल्यावर पहिले कांहीं महिने आम्ही घरांतल्या जेवणाच्या पंक्तीचीहि मनांतल्या मनांत हजेरी घेत असूं. वाचकांस हें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, ज्या गोष्टीविषयीं आज लिहावयाचें आहे ती जेव्हां आमच्या घरांत प्रथम आली तेव्हां ती आम्हांस मुळींच नवी वाटली नाहीं. आणि त्या न वाटण्यांतच आमच्या पुढील फजितीचें बीज होतें.

आमचें सध्यांचें वास्तव्य मुळशी तालुक्यांतील हिंजवडी येथें चिरंजीवांच्या बिऱ्हाडीं आहे. ज्यांनीं हें गांव तीस वर्षांपूर्वीं पाहिलें असेल त्यांस तें आतां ओळखूं येणार नाहीं. शेतांच्या जागीं राजीव गांधी इन्फोटेक पार्कचे कांचेचे वाडे उभे राहिले, आणि सकाळीं नऊच्या सुमारास शिवाजी चौकांत मोटारींची जी दाटी होते तिच्यांत सांपडलेल्या मनुष्याचें एखादें स्तोत्र सावकाश दोनदां म्हणून होतें. जुन्या गांवाची खूण म्हणून म्हातोबाचें देवस्थान आहे. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास त्याची यात्रा भरते, बगाड निघतें, आणि आसपासचीं गांवेंच्या गांवें लोटतात. त्या यात्रेंत किती माणसें आलीं हें म्हातोबा कोणास विचारीत नाहीं. यंदा गर्दी दाट होती कीं विरळ, एवढेंच म्हातारे लोक सांगतात. याच्या उलट, येथील कोणत्याहि कंपनीच्या फाटकांतून आंत जावयाचें तर नांव, फोनचा आंकडा, गाडीचा आंकडा आणि वर छायाचित्र, इतकें देऊन मगच पाऊल आंत पडतें. आमच्या सोसायटीच्या फाटकावरहि हाच थाट. भेटीस आलेल्या व्याह्यांससुद्धां आम्ही फोनवर होकार देईपर्यंत पहारेकऱ्यापाशीं ताटकळावें लागतें, आणि मग वर आल्यावर चहा कितीहि उत्तम झाला तरी तो त्यांस गोड लागत नाहीं.

सूनबाई याच पार्कांत एका कंपनींत होत्या. २०२० सालच्या टाळेबंदींत त्यांची नोकरी गेली. दोन महिने त्या फारसें बोलत नव्हत्या. मग एके दुपारीं त्यांनीं आमच्या सौभाग्यवतीकडून मेतकुटाचें प्रमाण लिहून घेतलें, आणि घरघंटीवर पहिलें दळण काढलें. आज त्यांच्या हाताखालीं मारुंजीच्या दोन बाया आहेत, आणि मेतकूट, थालिपिठाची भाजणी, उपवासाची भाजणी, गोडा मसाला, कुळथाचें पीठ असे दहा-अकरा जिन्नस त्या करतात. १९५९ सालीं गिरगांवांत सात बायांनीं गच्चीवर पापड लाटून 'लिज्जत'चा उद्योग उभा केला, ही हकीकत आम्ही वर्गांत पुष्कळदां सांगितली होती. पण वर्गांत सांगितलेली गोष्ट आपल्याच स्वयंपाकघरांत होऊं लागली म्हणजे तिला पिठाचा वास येतो आणि दुपारची झोंप मोडते, हें तेव्हां ठाऊक नव्हतें.

उद्योग वाढला तशी चिरंजीवांनीं त्याची साइट करून दिली. तींतलें 'आमच्याविषयीं' हें पान मात्र आम्हीं लिहिलें. कृष्णाकांठचें वाईचें आमचें वडिलोपार्जित घर, त्याच्या माजघरांतलें जातें, आणि आईच्या हातचें मेतकूट, असा तो मजकूर आहे. खालीं त्या घराचें एक जुनें छायाचित्र आहे. मजकूर लांबला अशी सर्वांची तक्रार होती. ती आम्हीं मानली नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. २०२४ च्या श्रावणांत सूनबाई म्हणाल्या, "बाबा, दुकानांत कोण येतें आणि कोण नुसतें डोकावून जातें हें मला कळतच नाहीं. मागणी आली तर कळते. परत गेलेला दिसतच नाहीं." चिरंजीव म्हणाले, "मोजणी लावून देतों." पद्धत अशी. अमेरिकेंतील अर्चिन नांवाची एक लहानशी कंपनी गूगलनें २००५ सालीं विकत घेतली, आणि तिच्या साधनास गूगल ॲनालिटिक्स हें नांव देऊन त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तें सर्वांस फुकट वापरावयास दिलें. उड्या इतक्या पडल्या कीं आठवड्याभरांतच नवीं नांवें घेणें कांहीं काळ बंद ठेवावें लागलें. साइटच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर, वाचणारास दिसणार नाहीं असें, कांहीं ओळींचें एक सूत्र ठेवावयाचें. कोणी पान उघडलें कीं तें सूत्र जागें होतें, आणि कोणतें पान, कोणत्या गांवाहून, फोनवर कीं संगणकावर, कोणाच्या दुव्यावरून, किती वेळ, हें सर्व वर कळवितें. पान नव्वद टक्के खालीं सरकविलें तर तेंहि कळवितें. अर्धा तास कांहीं हालचाल झाली नाहीं तर भेट संपली असें धरतें. दहा सेकंदांहून अधिक थांबलेल्यास 'रमलेला' समजतें. शाळेंत आम्ही याहून पुष्कळ कडक होतों.

आलेला मनुष्य कालचाच कीं नवा, हें ओळखण्यासाठीं तें सूत्र त्याच्या फोनांत एक खूणचिठी ठेवतें. ती एरव्हीं दोन वर्षें टिकते. तिला कुकी म्हणतात. लू माँटुली नांवाच्या तरुणानें १९९४ सालीं नेटस्केप कंपनींत असतांना ही युक्ति काढली, आणि तिचा एक हेतु असा होता कीं गिऱ्हाइकानें टोपलींत काय टाकलें आहे तें दुकानाच्या ध्यानांत राहावें. चिरंजीव हें समजावून सांगत असतां आमच्या सौभाग्यवती शेंगा सोलीत बसल्या होत्या. कुकी म्हणजे बिस्किट एवढें त्यांस नातीमुळें ठाऊक होतें. मान वर न करतां त्या म्हणाल्या, "बिस्किट द्यायचें तर हातांत द्यावें. येणाराच्या खिशांत गुपचूप कशाला टाकतां?"

या एका वाक्यावरून घरांत दोन दिवस वाद झाला. चिरंजीव म्हणाले कीं सगळेच असें करतात. हें उत्तर आम्हीं छत्तीस वर्षें विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकलें असल्यामुळें त्यावर आमचा विश्वास उरलेला नाहीं. आम्हांस कौटिल्य आठवला. अर्थशास्त्रांत कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक व तापस असे गूढपुरुष सांगितले आहेत. त्यांतला वैदेहक म्हणजे व्यापाऱ्याच्या वेषांत वावरणारा हेर. येथें तर खरा व्यापारीच हेराचें काम करणार! पण कौटिल्याचे हेर राजाचे होते, आणि आमचें राज्य घरघंटीएवढें. शिवाय दिवस पालटले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें सांगितलें कीं मनुष्याचें खासगीपण हा त्याचा मूलभूत अधिकार आहे. तो दावा लावणारे गृहस्थ स्वतः निवृत्त न्यायाधीश होते. पुढें २०२३ सालीं संसदेनें कायदाहि केला, आणि दुसऱ्याची माहिती घ्यावयाची तर काय घेतों व कशाकरितां घेतों हें सांगून त्याची संमति घ्यावी, असा त्याचा गाभा आहे. म्हणजे शेंगा सोलतां सोलतां सौभाग्यवतींनीं जें म्हटलें तेंच.

तेव्हां साइटच्या दारावर पाटी लावण्याचें ठरलें, आणि मजकुराचें काम साहजिकच आमच्याकडे आलें. आम्हीं नऊ ओळी लिहिल्या. त्यांत 'अभ्यागतांच्या संचाराचें सांख्यिक अवलोकन' असा एक शब्दप्रयोग होता, आणि त्याबद्दल आम्हांस अजूनहि थोडा अभिमान आहे. सूनबाईंनीं तो सगळा मजकूर काढून इतकेंच ठेविलें: "या दुकानांत कोणतें पान किती जणांनीं पाहिलें याची मोजणी होते. नांव घेतलें जात नाहीं. चालेल का?" खालीं दोन बटणें, 'चालेल' आणि 'नको'. 'नको' म्हणणारास सूत्रानें स्पर्श करावयाचा नाहीं. सौभाग्यवतींनीं पाटी वाचून घेतली व शेंगांचीं टरफलें उचलून त्या आंत गेल्या.

त्यानंतरचे दोन महिने फार सुखांत गेले. स्नानसंध्या आटोपली कीं आम्ही चिरंजीवांच्या जुन्या संगणकापुढें बसावें, अहवाल उघडावा, आणि आंकडे वहींत उतरून घ्यावे. निळी शाई पुन्हा बाहेर निघाली. श्रावणांत रोजचे पंधरा-वीस दिसत होते, भाद्रपदांत तीस झाले, आश्विनांत चाळीसपार गेले. हल्लीं कोण पाहतें आहे हें दाखविणारेंहि एक पान आहे. त्यांत गेल्या अर्ध्या तासांतले लोक दिसतात. दुपारीं झोंप न आल्यास आम्ही तें उघडून बसत असूं. तेथें एकाचा आंकडा दिसला कीं कोणीतरी आपल्या दुकानांत उभें आहे असें वाटून बरें वाटे. पुढें कळलें कीं तो बहुतेक वेळां आम्हीच होतों.

दिवाळीचा विचार निघाला. सूनबाई म्हणाल्या, चकलीची भाजणी पंचवीस किलो पुरे. आम्हीं वही उघडली. रोजचे चाळीस गिऱ्हाइक, त्यांतल्या निम्म्यांनीं अर्धा-अर्धा किलो नेली तरी किती होईल, हें त्रैराशिकानें मांडून दाखविलें, आणि चाळीस किलोच केली पाहिजे असा निर्णय दिला. सूनबाईंचा चेहरा कांहीं खुलला नाहीं. पण सासऱ्यांच्या वहीपुढें त्या काय बोलणार? नवी मोठी घरघंटी घेण्यासाठीं त्यांनीं वर्षभर पैसे बाजूला ठेविले होते. ते डाळ-तांदळांत गेले. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, आणि एकवीस किलो भाजणी डब्यांत तशीच राहिली. तळणीची वेळ टळल्यावर चकलीच्या भाजणीला कोण विचारतो? तुळशीच्या लग्नापर्यंत घरांत त्याच पिठाचीं थालिपिठें होत होतीं. सूनबाई एका शब्दानेंहि लागून बोलल्या नाहींत. ताट वाढतांना मात्र त्या आमच्याकडे पाहत नसत, आणि तें आम्हांस शब्दांहून कठीण गेलें.

एका रविवारीं चिरंजीव आमची वही घेऊन बसले. पहिल्याच पानावर ते थांबले. आम्ही जो आंकडा रोज उतरून घेत होतों तो माणसांचा नव्हताच. तो पानें किती वेळां उघडलीं त्याचा होता. एका मनुष्यानें पांच पानें उघडलीं तर ते पांच. वर्गांत एकाच मुलानें पांचदां हात वर केला म्हणून आम्हीं कधीं पांच मुलें हजर मांडलीं नाहींत. आणि येथें दोन महिने तेंच केलें! खरीं माणसें रोज आठ-दहा होतीं. त्या आठ-दहांतहि चार घरचीं. चिरंजीवांनीं घरच्या इंटरनेटचा पत्ता वगळण्याची व्यवस्था केली होती. पण अशी गाळणी प्रथम 'चांचणी'च्या अवस्थेंत असते, ती स्वतः जाऊन चालू करावी लागते, आणि तें त्यांच्याकडून राहून गेलें होतें. शिवाय गाळणी मागचें कांहीं गाळीत नाहीं. लावल्या दिवसापासून पुढचेंच. घरचा पत्ताहि इंटरनेट देणारे मधून मधून बदलतात, म्हणजे ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते. आणि आमचा फोन व संगणक हीं दोन माणसें समजलीं गेलीं होतीं. कापूर लावल्यावर आपलीच सावली भिंतीवर हलते, आणि लहान मूल तिला पाहुणा समजतें, तशांतली गत.

तिसरी चूक घड्याळाची निघाली. खातें उघडतांना देश व वेळ निवडावयाची असते. ती तशीच राहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची लागली होती, आणि आमचे सर्व तास साडेबारा तासांनीं मागें होते. (तिकडे घड्याळें वर्षांतून दोनदां सरकवितात, म्हणून हिवाळ्यांत हें अंतर साडेतेरा तासांचें होतें.) सकाळचे म्हणून आम्हीं जे लोक मांडले ते रात्रीचे होते. चिरंजीवांनीं घड्याळ भारताचें केलें. हाहि बदल पुढचाच. मागील नोंदी जुन्याच वेळेच्या राहतात.

चुका झाडून काढल्यावर मात्र या साधनाचा खरा उपयोग दिसूं लागला, हें न सांगणें अन्यायाचें होईल. साइटवर शोधण्याची एक पेटी आहे; तींत लोक काय लिहितात तें कळतें. मेतकूट शोधणारे पुष्कळजण तो शब्द रोमन लिपींत, तोहि चार-पांच तऱ्हांनीं, कोणी मेतकुट, कोणी मेथकूट, असा लिहीत होते, आणि आमची पेटी देवनागरीवांचून कांहीं समजत नसल्यानें 'सांपडलें नाहीं' असें सांगून त्यांस परत पाठवीत होती. दुकानांत डबे भरलेले, आणि दाराशीं उभा राहून दुकानदारच नाहीं म्हणतो आहे! सूनबाईंनीं एका संध्याकाळींत तें दुरुस्त केलें. पुढील महिन्यांत मेतकुटाच्या मागण्या दुपटीवर गेल्या, आणि ताट वाढतांना त्या पुन्हा आमच्याकडे पाहूं लागल्या.

माणसें कोठून येतात याचाहि असाच घोळ होता. निम्म्याहून अधिक लोक 'थेट' आले असें दिसे, जणूं सर्वांनीं पत्ता पाठ केला होता. ते खरे व्हॉट्सॲपवरून येत होते. तेथील दुवा आपलें मूळ सांगत नाहीं. त्यावर उपाय म्हणजे दुव्याच्या शेपटीस आपणच खूण जोडावयाची. या खुणेस यूटीएम म्हणतात, आणि त्यांतलें पहिलें अक्षर त्या मूळच्या अर्चिन कंपनीचें आहे. कंपनी विकली गेली, घराला दुसऱ्याचें नांव लागलें, तरी एक अक्षर मागें राहिलें. हें ऐकून आम्ही जरा गप्प झालों. कां, तें आतां सांगावें लागेल.

आमचे एक धाकटे बंधु आहेत. नोकरीनिमित्त बडोद्यास गेले, तेथेंच राहिले. वडील गेल्यावर आम्ही दोघे अस्थि घेऊन नाशिकास गेलों होतों. तेथील तीर्थोपाध्यायांपाशीं घराण्यांच्या वह्या असतात. गांव आणि आडनांव सांगितलें कीं ते बरोबर तें पान काढतात, आणि आपले आजे-पणजे कधीं आले होते तें त्यांच्याच हस्ताक्षरांत दाखवितात. आजोबांच्या मोडी सहीखालीं आम्हां दोघांनीं सह्या केल्या. आमच्या मतें दाराशीं आलेल्यांची जगांतली सर्वांत सुरेख मोजणी तीच. तेथें येणारा आपल्या हातानें आपलें नांव मांडतो. त्या सह्यांनंतर दोन वर्षांनीं, २०११ सालीं, वाईचें घर विकलें. विकावें असें आमचें म्हणणें होतें, विकूं नये असें बंधूंचें. व्यवहार झाला, वाटणी चोख झाली, आणि बोलणें बंद झालें. लग्नमुंजींत समोरासमोर आलों तर नमस्कार होई.

गाळणी चालू झाल्यावर उरलेल्या थोड्या ओळींत एक ओळ आम्हांस रोज दिसूं लागली. गांव बडोदें. मनुष्य एक. पान 'आमच्याविषयीं'. खालपर्यंत, म्हणजे घराच्या छायाचित्रापर्यंत, वाचलेलें. मागणी कधीं नाहीं. मागच्या नोंदी चाळल्या तर ही ओळ भाद्रपदापासून होती, पण सकाळीं नऊ-दहाच्या दरम्यानची. आणि घड्याळ सुधारलें त्या दिवसापासून ती रात्रींची झाली. म्हणजे ती पहिल्यापासून रात्रीं साडेनऊनंतरचीच होती. बंधूंची संवय आम्हांस ठाऊक आहे. जेवण आठाला, मग शतपावली, मग दहाच्या आंत कांहींतरी वाचून निजणें. आमचा हात वहीवर थांबला.

चिरंजीवांस विचारलें. ते म्हणाले, "बाबा, हें साधन माणसाचें नांव सांगत नाहीं, सांगूं शकतहि नाहीं. गांवहि अंदाजानें देतें. इंटरनेटचा पत्ता ज्या गांवचा वाटतो तें गांव. फोनवरून आलेला तर भलत्याच शहरांत दिसतो. आणि बडोद्यांत मराठी घरें काय एक आहेत?" हें खरें होतें. गायकवाडांच्या राजधानींत दांडिया बाजारच्या बाजूला पिढ्यान् पिढ्या मराठी कुटुंबें नांदत आहेत. त्यांतल्या कोणाला मेतकुटाची आठवण होणार नाहीं? आम्हीं मान डोलाविली, आणि दुसऱ्या रात्रीं साडेनवाला पुन्हा संगणकापुढें जाऊन बसलों.

पंधरा दिवस असे गेल्यावर आम्हीं जें केलें तें सांगावयास संकोच वाटतो. दुव्यास खूण जोडण्याची विद्या आतां आम्हांस येत होती. 'धाकटा' अशी एकच खूण जोडून आम्हीं एक दुवा केला, आणि नातीस सांगितलें, "तुझ्या काका-आजोबांना हा पाठीव, आईच्या साइटवर घराचा फोटो आहे म्हणावें." तिनें तो लगेच पाठविला. तो दुवा जगांत दुसऱ्या कोणाजवळ नव्हता. त्यावरून येणारा एकच मनुष्य. शाळेंत असतां मागल्या बाकावर काय चालतें तें कळावें म्हणून आम्ही एखाद्या भोळ्या मुलास हाताशीं धरीत असूं. तें पुन्हा केलें, आणि या खेपेस स्वतःच्या नातीस धरून.

तिसऱ्या दिवशीं ओळ आली. खूण 'धाकटा'. मनुष्य एक. पान 'आमच्याविषयीं'. थांबला चार मिनिटें. गांव मुंबई. आणि त्याच रात्रीं बडोद्याची ती जुनी ओळहि नेहमींच्या वेळीं आली होती. आम्ही दोन्ही ओळी कितीतरी वेळ पाहत बसलों. बंधु मुंबईस गेले होते, कीं त्यांचा फोन मुंबईंत दिसत होता? बडोद्याचा तो वाचक मग कोण? सौभाग्यवती पाण्याचा तांब्या ठेवावयास आल्या होत्या. त्यांस सर्व सांगावें लागलें. त्या म्हणाल्या, "अहो, पंधरा दिवस त्यांच्या दाराला कान लावून बसलां आहां. त्यापेक्षां कडी वाजवा कीं."

आम्हीं फोन केला. बंधूंनीं उचलला, आणि आमचा आवाज ऐकून कांहीं क्षण ते बोललेच नाहींत. मग म्हणाले, "दादा, तें पान वाचलें. आईच्या मेतकुटांत सुंठ असे. तूं लिहिली नाहींस."

तेरा वर्षांनंतर पहिलें वाक्य हें! आम्हीं म्हटलें, राहिली असेल. ते म्हणाले, "राहिली नाहीं, तुला आवडत नसे. तूं नेहमीं वेगळें काढून घेत होतास." मग जायफळ होतें कीं नव्हतें यावर पांच मिनिटें गेलीं. बोलण्याच्या ओघांत आम्हीं दुव्याची गोष्ट कबूल केली, कारण ती पोटांत ठेवून जायफळाविषयीं बोलणें जड जाऊं लागलें होतें. ते हंसले. "म्हणजे माझी हजेरी घेतलीस. पण तुमच्या दारावर पाटी होती, चालेल का म्हणून. मीं चालेल म्हटलें."

"आणि रोज रात्रीं येतोस तें?" आम्हीं विचारलें.

"रोज? छे. पोरीनें पाठविलें तेव्हां एकदांच पाहिलें. मला कोठें ठाऊक होतें तुम्ही असें कांहीं लिहिलें आहे म्हणून?" थोडें थांबून ते म्हणाले, "मुंबईस? गेल्या दिवाळीपासून मी बडोद्याबाहेर पडलों नाहीं. गुडघे धरले आहेत."

घराविषयीं आम्ही दोघेहि बोललों नाहीं. तें पुढें कधीं निघेल कीं नाहीं, सांगवत नाहीं.

दोन दिवसांनीं साइटवर अर्धा किलो मेतकुटाची मागणी आली. आम्ही पैसे परत पाठवा म्हणत होतों. सूनबाईंनीं ऐकलें नाहीं, आणि आमच्या वहीचा इतिहास ध्यानीं घेतां आम्हीं आग्रह केला नाहीं. पार्सलावर पत्ता बडोद्याचा, खालीं बंधूंचें नांव; अहवालांत त्याच मागणीपुढें गांव मुंबई. सूनबाईंनीं त्या दळणांत सुंठ घातली, आणि पानावरच्या मजकुरांतहि तो शब्द वाढविला. रात्रीं साडेनऊनंतर बडोद्याची ती ओळ आलीच होती. सुधारलेलें पान खालपर्यंत वाचून गेली.